ओकाकुरा काकुझो, 1898 : पद गेलं, काम उरलं

मार्च 1898 मध्ये तोक्योच्या सरकारी ललित कला विद्यालयाच्या प्राचार्यांना राजीनामा द्यावा लागला. वय अवघं 35. नाव ओकाकुरा काकुझो. पुढे 'तेनशिन' या नावाने ते जास्त ओळखले गेले. जपानी कलेचा सलग, कालखंड पाडून केलेला इतिहास स्वतःच्या देशातल्या वर्गात त्यांनीच प्रथम शिकवला. आपल्याकडे त्यांचं नाव येतं ते विवेकानंद आणि रवींद्रनाथ यांच्या निमित्ताने. पण ते भारतात आले त्याच्या आधी चार वर्षं त्यांच्या हातून जवळजवळ सगळं गेलं होतं. मला त्या घटनेबद्दल लिहायचं आहे, कारण कलासंस्था उभी करणारी माणसं तिथे अडखळतात तसाच तो पेच होता. संस्था माणसाच्या बळावर उभी राहते, माणूस पडतो, आणि मग तिचं काय होतं?

पार्श्वभूमी

ओकाकुरांचा जन्म 1863 चा, योकोहामाचा. वडील फुकुई संस्थानचे सामुराई, पण संस्थानाच्याच सांगण्यावरून या बंदरात रेशमाची पेढी चालवायचे. गिऱ्हाईक परदेशी, त्यामुळे मुलगा मिशनऱ्यांकडे लहानपणीच इंग्रजी शिकला. चिनी अभिजात ग्रंथ मात्र त्याला बौद्ध मंदिरात राहून, वेगळे शिकवावे लागले. तोक्यो विद्यापीठात अर्नेस्ट फेनोलोसा हे अमेरिकन प्राध्यापक 1878 मध्ये तत्त्वज्ञान शिकवायला आले आणि जुन्या जपानी चित्रांच्या नादी लागले. त्यांना दुभाष्या हवा होता. तो ओकाकुरा झाले. 1880 मध्ये पदवी मिळाल्यावर ओकाकुरा शिक्षण खात्यात नोकरीला लागले.

तो काळ जुन्या वस्तूंसाठी फार वाईट होता. 1868 मध्ये नव्या सरकारने शिंतो (जपानचा मूळ देवधर्म) आणि बौद्ध धर्म वेगळे करण्याचा हुकूम काढला, आणि त्यातून ठिकठिकाणी बौद्ध मंदिरांची मोडतोड झाली. उत्पन्न बंद झालेल्या मठांनी मूर्ती, चित्रं, लाखेची भांडी विकायला काढली. जुनी राजधानी असलेल्या नारा शहरातल्या कोफुकुजी मंदिराचा पाच मजली मनोरासुद्धा किरकोळ किमतीला विकायची वेळ आली होती, अशी हकिगत तिथे आजही सांगतात. विकत घेणारे अनेकदा परदेशी होते. फेनोलोसांनी आणि त्यांचे बॉस्टनचे मित्र विल्यम स्टर्जिस बिगेलो यांनीही याच काळात मोठे संग्रह जमवले.

शिक्षण खात्याच्या पाहण्यांसाठी ओकाकुरा आणि फेनोलोसा मंदिरं हिंडू लागले. होर्युजी मंदिराच्या अष्टकोनी युमेदोनो दालनात अवलोकितेश्वराची एक मूर्ती शतकानुशतकं बंद होती. ती उघडली तर भूकंप होईल, असं भिक्षू म्हणत. 1884 च्या सुमारास ती उघडली गेली, आणि कापडाच्या असंख्य वेढ्यांतून सातव्या शतकातली सोनेरी मुलामा असलेली लाकडी मूर्ती बाहेर आली. हा प्रसंग सगळे सांगतात. माझ्या मते त्याहून मोठं काम पुढच्या दहाएक वर्षांत झालं, आणि ते मुळीच नाट्यमय नव्हतं. 1888 पासून सरकारी पथकाने देशभरातल्या मंदिरांतल्या 2 लाखांहून अधिक वस्तू पाहिल्या, नोंदल्या, त्यांची प्रतवारी लावली. छायाचित्रं काढायला ओगावा काझुमासा सोबत होते. कलेचा इतिहास लिहायला आधी अशी यादी लागते. ओकाकुरांना ती मिळाली, कारण ती करणाऱ्यांत ते स्वतः होते.

बाकीचं भराभर घडलं. 1886-87 मध्ये त्यांनी युरोप-अमेरिकेचा अभ्यासदौरा केला. 1889 मध्ये तोक्योचं कला विद्यालय सुरू झालं. त्याच वर्षी त्यांनी ताकाहाशी केन्झो यांच्यासह 'कोक्का' हे कला-नियतकालिक काढलं, जे आजही निघतं. 1890 मध्ये ते प्राचार्य झाले, वयाच्या 27 व्या वर्षी. शिवाय शाही संग्रहालयाच्या कला विभागाचे प्रमुखही तेच. 1893 मध्ये चीनला जाऊन त्यांनी लाँगमेनची लेणी पाहिली. 1890 ते 1892 मध्ये विद्यालयात दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी जपानी कलेचे जे कालखंड पाडले, त्यांवर पुढच्या पिढ्यांचं शिकणं-शिकवणं बेतलेलं आहे.

या सगळ्या चढणीत एक हात कायम पाठीशी होता. बॅरन कुकी र्यूइची हे शिक्षण खात्यातले वजनदार अधिकारी, नंतर अमेरिकेतले जपानचे राजदूत, आणि मग शाही संग्रहालयाचे मुख्य संचालक. पाहणी, विद्यालय, संग्रहालय, प्रत्येक ठिकाणी कुकींचा शब्द होता म्हणून ओकाकुरांना वाव मिळत गेला. जून 1897 मध्ये जुनी मंदिरं आणि देवस्थानं यांच्या जतनाचा कायदा झाला. त्यात 'राष्ट्रीय ठेवा' हा दर्जा आला आणि दुरुस्तीसाठी सरकारी पैशाची तरतूदही झाली. हा कायदा होऊन वर्षही झालं नव्हतं, तोच सगळं कोसळलं.

पेच

तीन ताण एकाच वेळी वाढत होते.

पहिला ताण अभ्यासक्रमाचा. विद्यालय सुरू झालं तेव्हा त्यात पाश्चात्त्य तैलचित्रकला नव्हतीच. जपानी चित्रकला, लाकडातलं कोरीवकाम, धातुकाम, लाखकाम एवढंच होतं. पॅरिसहून शिकून आलेले कुरोदा सेइकी आणि त्यांचा गट हे मान्य करणं शक्य नव्हतं. 1896 मध्ये पाश्चात्त्य चित्रकलेचा विभाग उघडावा लागला आणि कुरोदा तिथे शिकवू लागले. विद्यालयात आता दोन दृष्टी होत्या आणि प्राचार्य उघडपणे एकीचे होते.

दुसरा ताण त्यांच्या कारभाराचा. विद्यालयाचा गणवेश त्यांनी नारा काळातल्या (आठव्या शतकातल्या) दरबारी पोशाखावर बेतला होता, आणि तो घालून स्वतः घोड्यावरून विद्यालयात येत. विद्यार्थ्यांना ते भारून टाकत, आणि योकोयामा ताइकान, हिशिदा शुन्सो, शिमोमुरा कान्झान ही त्यातूनच घडलेली चित्रकार मंडळी. पण जे भारले गेले नाहीत त्यांच्यासाठी संस्थेत जागा उरत नव्हती. नेमणुका, मानमरातब, कामं, सगळं एका माणसाच्या मर्जीवर चालतं, ही तक्रार शिक्षकांमध्येच होती. या तक्रारीत तथ्य होतं असं मला वाटतं.

तिसरा ताण खासगी, आणि सर्वांत जास्त नुकसान करणारा. कुकी यांच्या पत्नी हात्सुको 1887 मध्ये गरोदर असताना अमेरिकेहून परतल्या, तेव्हा बोटीवर त्यांची सोबत करायचं काम पतीनेच ओकाकुरांवर सोपवलं होतं. पुढे दोघांत जवळीक झाली, हात्सुको पतीपासून वेगळ्या राहू लागल्या, आणि तोक्योच्या कलावर्तुळात ही गोष्ट झाकलेली राहिली नाही. ओकाकुरांना पत्नी होती, मुलं होती. म्हणजे ज्या एका आश्रयदात्यावर सगळा डोलारा उभा होता, त्याच्याच घरात ही ठिणगी पडली.

1898 च्या सुरुवातीला ओकाकुरांची बदनामी करणारं एक पत्रक तोक्योत फिरलं. विद्यालयाचा कारभार, खासगी वर्तन, मानसिक स्वास्थ्य, सगळ्यावर त्यात आरोप होते. कुकींचा पाठिंबा संपला होता. आधी संग्रहालयातलं पद गेलं, मग प्राचार्यपद.

समोर असलेले पर्याय

त्या आठवड्यांत ओकाकुरांच्या मनात काय चाललं होतं, हे आपण ठरवू नये. परिस्थितीने कोणते रस्ते उघडे ठेवले होते, एवढं मात्र मांडता येतं.

लढत राहणं हा एक रस्ता होता, पण तो नावापुरताच. मंत्रालयात कुकींच्या जागी उभं राहणारं दुसरं कोणी नव्हतं.

एकट्याने बाहेर पडून शिक्षकांना आत ठेवणं हा दुसरा रस्ता. हाशिमोतो गाहोंसारखे ज्येष्ठ चित्रकार विद्यालयात राहिले असते तर जपानी पद्धतीच्या शिक्षणाला सरकारी छप्पर मिळत राहिलं असतं. शिल्पकार ताकामुरा कोउन यांनी पुढे नेमकं हेच केलं. ते राहिले, आणि लाकडातल्या शिल्पकामाची परंपरा विद्यालयात टिकली. मला हा पर्याय सर्वांत कमी तपासला गेलेला वाटतो.

तिसरा रस्ता संशोधकाचा. पदांचा नाद सोडून लिहीत बसायचं. जपानी कलेचा पहिला अधिकृत इतिहास 1900 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी सरकार फ्रेंचमध्ये तयार करवून घेत होतं आणि त्याचं काम ओकाकुरांनीच सुरू केलं होतं. राजीनाम्याबरोबर तेही हातातून गेलं आणि ग्रंथ दुसऱ्यांच्या संपादनाखाली निघाला. त्यामुळे हा रस्ताही सरकारी दाराशी येऊन बंद झाला. स्वतःच्या हिमतीवर लिहिता आलं असतं. मात्र विद्यालयातली व्याख्यानंसुद्धा त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने आली नाहीत. ती आपल्यापर्यंत पोचली ती विद्यार्थ्यांच्या वह्यांमुळे.

चौथा रस्ता म्हणजे सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि सरकारी पैशाशिवाय नवी संस्था काढायची.

काय केलं गेलं

चौथा रस्ता निवडला गेला, आणि तो फार वेगाने निवडला गेला. प्राचार्यांच्या पाठोपाठ शिक्षकांनी सामूहिक राजीनामे दिले. काही परत फिरले, पण गाहो, ताइकान, कान्झान, शुन्सो बाहेर पडले. त्याच वर्षी तोक्योच्या यानाका भागात 'निहोन बिजुत्सुइन' म्हणजे जपान कला अकादमी उभी राहिली. प्रमुखपद गाहोंना दिलं. पैशाचा मोठा वाटा बिगेलोंनी उचलला. चित्रकारांना राहायला शेजारीच घरं बांधली. राजीनाम्यानंतर इतक्या थोड्या महिन्यांत इमारत, माणसं आणि प्रदर्शन उभं करणं ही साधी गोष्ट नव्हती.

ऑक्टोबर 1898 च्या पहिल्या प्रदर्शनात ताइकानने चिनी कवी च्यू युआनचं चित्र मांडलं. चहाडखोरांमुळे दरबारातून हद्दपार झालेला हा कवी. वादळी वाऱ्यात, मान ताठ ठेवून एकटा उभा. हा कवी म्हणजे कोण, हे तोक्योत कोणालाही सांगावं लागलं नाही. हे चित्र आज इत्सुकुशिमा देवस्थानाकडे आहे.

चित्रं बोलत होती, पण विकली जात नव्हती. ताइकान आणि शुन्सो यांनी शाईची बाह्यरेषा काढून टाकून नुसत्या रंगाच्या छटांनी हवा, प्रकाश दाखवायला सुरुवात केली. टीकाकारांनी त्याला 'धुरकट शैली' म्हणून झोडपलं. दोन-तीन वर्षांत अकादमी कर्जात आली आणि ओकाकुरांचा स्वतःचा वावर तिथे कमी होत गेला.

1901 च्या शेवटी ते भारताकडे निघाले. 1902 च्या सुरुवातीला कोलकात्यात पोचून विवेकानंदांना भेटले, त्यांच्यासह बोधगयेला गेले, टागोर कुटुंबात राहिले. याच मुक्कामात त्यांनी अजिंठा आणि वेरूळ पाहिलं. मराठी वाचकाला हा टप्पा महत्त्वाचा वाटेल, आणि तो आहेच. होर्युजीच्या मुख्य दालनातल्या भिंतीचित्रांतले बोधिसत्त्व आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी यांचं नातं अभ्यासक आजही सांगतात. ज्याने होर्युजी इंच इंच पाहिलं होतं तो माणूस आता अजिंठ्याच्या अंधारात त्याच रेषेसमोर उभा होता. लाँगमेन त्याने 1893 मध्येच पाहिलं होतं. भारत, चीन, जपान अशी एकच ओळ त्याच्यापुढे पुरी झाली. 1903 मध्ये लंडनहून निघालेल्या त्यांच्या पहिल्या इंग्रजी पुस्तकाचं पहिलंच वाक्य आहे, 'आशिया एक आहे'. प्रस्तावना भगिनी निवेदितांची. प्राचार्यपद टिकलं असतं तर नऊ-दहा महिन्यांचा हा प्रवास त्यांना करता आला असता का, याबद्दल मला शंका आहे.

1903 मध्येच त्यांनी ताइकान आणि शुन्सो यांना कोलकात्याला पाठवलं. टागोर कुटुंबातले चित्रकार अवनींद्रनाथ यांनी त्यांच्याकडून पाहून रंगाचे ओले थर धुऊन काढण्याचं तंत्र आपल्या चित्रांत आणलं. तोक्योत हिणवली गेलेली छटांची पद्धत बंगालमध्ये शैली झाली.

फेब्रुवारी 1904 मध्ये रशियाशी युद्ध पेटत असताना ओकाकुरा अमेरिकेला निघाले आणि बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात जपानी-चिनी संग्रहाच्या कामाला लागले. 1910 मध्ये तिथल्या विभागाचे प्रमुख झाले. तो संग्रह म्हणजे मुख्यतः फेनोलोसा आणि बिगेलो यांनी जपानमधून नेलेल्या वस्तू. ज्या गळतीला आळा घालायला त्यांनी तारुण्य खर्चलं, तिच्याच मालाची खरी-खोटी पारख करून यादी लावण्याचं काम आता त्यांच्याकडे आलं, आणि त्यांनी ते मनापासून केलं. चहावरचं त्यांचं जगभर गाजलेलं पुस्तक 1906 मधलं, याच काळातलं.

1906 मध्ये अकादमीचे दोन तुकडे केले गेले. चित्रकारांना त्यांनी इबाराकी किनाऱ्यावरच्या इझुरा या मच्छीमार गावात नेलं, जिथे त्यांचं स्वतःचं घर होतं. दुसरा विभाग, म्हणजे मूर्तींची दुरुस्ती करणारे कारागीर, निइरो चुनोसुके यांच्या हाताखाली नाराला गेले.

परिणाम

इझुराचा प्रयोग फार चालला नाही. ओकाकुरा वर्षातला मोठा भाग बॉस्टनला असत. शुन्सो आजारी पडला आणि 1911 मध्ये, चाळिशीही न गाठता वारला. 2 सप्टेंबर 1913 रोजी ओकाकुराही गेले, वयाच्या 50 व्या वर्षी. वर्षभराने, त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी, ताइकान आणि कान्झान यांनी अकादमी पुन्हा उभी केली. तिची प्रदर्शनं आजही भरतात.

नाराला गेलेला विभाग मात्र कधी बंदच पडला नाही. त्याचं कारण मला फार शिकवून गेलं. 1897 च्या कायद्याने दुरुस्तीला पैसा दिला होता, म्हणजे या लोकांना दरवर्षी काम होतं. मूर्ती नवी कोरी दिसेल अशी न करता, आहे त्या स्थितीत टिकवायची, ही शिस्त त्यांनी लावून घेतली. आज ही संस्था क्योतोत आहे आणि जपानमधल्या राष्ट्रीय ठेव्याच्या लाकडी मूर्ती तिच्याच हाताखालून जातात. ओकाकुरांच्या चरित्रांत या कारागिरांना फार थोडी जागा मिळते. माझ्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीची सर्वांत पक्की फळी हीच.

'कोक्का'चंही असंच. ओकाकुरांचं पद गेलं तरी ते निघत राहिलं. पुढे याच नियतकालिकाच्या वतीने 1917-18 च्या सुमारास आराई कानपो हे चित्रकार अजिंठ्याला येऊन भिंतीचित्रांच्या प्रतिकृती करून गेले. त्या तोक्योच्या शाही विद्यापीठात ठेवल्या होत्या आणि 1923 च्या महाभूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाल्या.

आणि हात्सुको. घटस्फोटानंतर त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ मनोरुग्णालयात गेला. ओकाकुरांना नवी अकादमी मिळाली, भारत मिळाला, बॉस्टन मिळालं. कुकी यांची खुर्ची शाबूत राहिली. प्रकरणाचा सर्वांत मोठा भुर्दंड ज्या व्यक्तीने भरला तिच्या हातात निर्णय जवळजवळ नव्हतेच. त्यांचा धाकटा मुलगा शुझो पुढे क्योतोत तत्त्वज्ञानाचा नामवंत प्राध्यापक झाला, आणि लहानपणी घरी येणाऱ्या ओकाकुरांच्या आठवणी त्याने लिहिल्या. त्यांत कडवटपणापेक्षा आदर जास्त आहे.

वेगळं काय करता आलं असतं

आश्रयदाता एकच असणं हा पहिला धोका. विद्यालय आणि संग्रहालय दोन्ही कुकींच्या शब्दावर होती, म्हणून दोन्ही एकाच वेळी गेली. ओकाकुरांनी 1890 ते 1897 या चांगल्या वर्षांत विद्यालयाच्या नेमणुका आणि कामवाटप यांसाठी शिक्षकांचं मंडळ केलं असतं, तर पत्रकाला आतून साथ मिळाली नसती. वेळ होता, अधिकारही होता.

दुसरं, कुरोदांच्या विभागाला त्यांनी उशिरा आणि नाइलाजाने जागा दिली. जपानी परंपरा तोलामोलाची आहे यावर त्यांचा विश्वास होता, आणि तो बरोबर होता. ज्याचा आपल्या परंपरेवर इतका विश्वास आहे त्याने तैलचित्राला शेजारचं दालन पहिल्याच वर्षी द्यायला हरकत नव्हती.

तिसरं, सामूहिक राजीनामे. निष्ठा म्हणून ते हृद्य आहेत. पण त्यामुळे सरकारी विद्यालयातली जपानी चित्रकलेची बाजू एका दिवसात रिकामी झाली आणि तरुण चित्रकार उपासमारीच्या कडेला आले. ओकाकुरांनी गाहोंना 'तुम्ही थांबा' असं निक्षून सांगायला हवं होतं.

चौथी गोष्ट कायद्याची, आणि ती मला सर्वांत जास्त खुपते. 1897 चा कायदा फक्त मंदिरं आणि देवस्थानं यांच्यापुरता होता. खासगी मालकीच्या वस्तू बाहेरच राहिल्या. ही फट 1929 च्या कायद्याने अर्धीमुर्धी भरली, तरीही 1932 मध्ये बाराव्या शतकातली किबी मंत्र्याच्या कथेची चित्रगुंडाळी बॉस्टनच्याच संग्रहालयाने विकत घेतली, आणि मग 1933 मध्ये निर्यातीवर वेगळा निर्बंध आला. खासगी संग्रहांतून वस्तू कशा बाहेर जातात, हे फेनोलोसा आणि बिगेलो यांच्या शेजारी बसलेल्या ओकाकुरांइतकं त्या काळात कोणाला माहीत होतं? ऐन सत्तेच्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न लावून धरायला हवा होता. 1898 नंतर तो लावून धरण्याइतकं वजन त्यांच्याकडे राहिलं नाही.

जुन्या मंदिरांच्या जतन समितीशी मात्र त्यांनी नातं तोडलं नाही. ऑगस्ट 1913 मध्ये, प्रकृती पार ढासळलेली असताना, होर्युजीच्या भिंतीचित्रांच्या जतनासाठी त्यांनी समितीपुढे प्रस्ताव ठेवला. महिन्याभरात ते गेले. 1916 मध्ये त्या कामासाठी अभ्यास समिती बसली, 1940 मध्ये चित्रकारांनी प्रतिकृती करायला घेतल्या, आणि काम चालू असतानाच 26 जानेवारी 1949 रोजी दालनाला आग लागून मूळ भिंती करपल्या. पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक ठेव्याचा नवा कायदा केला. त्यात खासगी मालकीच्या वस्तू आल्या, निर्यात आली, आणि नाटक, हस्तकला यांसारखा हाताने न धरता येणारा वारसाही आला.